पयले ब्रेक, मंग इंजिन

कारंजा लाडहून दहाबारा किलोमीटर आत गेलं की हे गाव लागते. गोठ्याला लागून पत्र्याचं शेड, ढेपेची पोती एका बाजूला सरकवली आहेत आणि मधात ही उभी आहे, होंडा सिटी व्हीटेक, 2003 चं मॉडेल. 1.5 लिटर पेट्रोल, 106 हॉर्सपॉवर. आता हा आकडा लहान वाटेल, पण त्या टायमाला आपल्याकडं ज्याच्या अंगणात मारुती 800 तो मोठा माणूस, आणि तिच्यात 37 च्या आसपास हॉर्सपॉवर होते, यावरून समजून घ्या.

गाडी माझ्या मामेभावाची. नागपूरहून सेकंडहँड आणली आणि आणल्या दिवसापासून एकच धोशा, टर्बो लावायचा, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवायची. गावातले चाचा तसे ट्रॅक्टरचे मिस्त्री, पण ऐन उमेदीत अकोल्याला कारच्या गॅरेजमध्ये काम केलेलं. त्यांनी फाट्यापर्यंत एक चक्कर मारली, उतरले आणि म्हणाले, "पयाले त शंकरपटातली बैलजोडीबी पयते ना बाबू, थांबवते कोण? पयले ब्रेक खोल, इंजिनाचं मंग पाहू."

हे पाहा, इंजेक्शनच्या सिरिंजनं ब्रेक ऑइल काढून राहिले. रंग पाहा, टपरीवरचा कोरा चहा बरा. हे ऑइल हवेतलं पाणी ओढते, वर्षानुवर्षं तसंच राहिलं की लवकर उकळते. डॉट 3 हा या ऑइलचा साधा ग्रेड, नवं असलं तर 205 डिग्रीपर्यंत तग धरते, पाणी मुरल्यावर तेच 140 ला येते. उकळलं की बुडबुडे होतात, पेडल दाबलं तर बुडबुडे दबतात आणि पाय सरळ खाली जातो, गाडी मात्र चालतच राहते. त्यात आपला मे महिना, 45 डिग्री तर सावलीत.

आणि समृद्धी महामार्ग झाल्यापासून सगळ्यांचाच पाय जड झाला आहे. तिथं कारला लिमिट 120 ची. आता 80 वरून गाडी थांबवायला डिस्कला जेवढी एनर्जी गिळावी लागते त्याच्या सव्वादोन पट 120 वरून लागते, स्पीड दीडपटच वाढला तरी. म्हणजे इंजिनाची ताकद वाढवून ब्रेक तेच ठेवले तर अडचण कुठं येणार हे सांगायला मिस्त्री लागत नाही.

मामेभावाला समोर मोठ्या गाडीचं कॅलिपर, म्हणजे पॅडनं डिस्कला चिमटणारा भाग, बसवायचं होतं, ब्रॅकेट लेथवर बनवू म्हणे. चाचा भडकलेच, "लेथवर डवऱ्याचं सामान बनव बापा, ब्रेकचं नाई!" बरोबरच आहे, आणि नुसतं ब्रॅकेटच नाही, कॅलिपरचा पिस्टन मोठा झाला की त्याला ऑइल जास्त लागते, पेडलमागून ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर जुनाच असला तर पेडल लांब जाते, मोठी डिस्क रिममध्ये मावली पाहिजे ते वेगळंच. शेवटी समोर कंपनी साइजच्या नव्या डिस्क, चांगले पॅड, स्टीलच्या जाळीचे होज, मागं ड्रमचे लायनर आणि व्हील सिलिंडर, आणि डॉट 4 ऑइल, ते नवं 230 आणि पाणी मुरल्यावर 155. मला स्वतःला मोठी डिस्क आवडली असती, खोटं कशाला बोलू. पण टायरवरचे चार आकडे वाचले, 2314, म्हणजे 2014 चा तेविसावा आठवडा, आणि माझीच बोलती बंद झाली. रोडला धरून ठेवणारं रबरच लाकडासारखं झालं असेल तर कॅलिपर काय करणार!

मग इंजिन. प्लग काढून कंप्रेशन घेतलं, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबते ते मोजलं, तीन सिलिंडर 170 पीएसआयच्या वर आणि एक 120. त्या एकात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं तर काटा वर चढला, ऑइलनं फट बुजली, म्हणजे व्हॉल्व्ह ठीक, पिस्टनच्या रिंगा गेल्या. एका शहरातल्या गॅरेजवाल्यानं याच गाडीचं "फुल काम केलं" म्हणून पैसे घेतले होते, रिंगांना हातही लावला नव्हता.

खरी गंमत पुढं आहे. गाडी वरच्या आरपीएमला ओढतच नव्हती. व्हीटेकमध्ये आरपीएम वाढला की ऑइलच्या प्रेशरनं पिन सरकते आणि व्हॉल्व्ह जास्त उघडतात. ते ऑइल ज्या सोलेनॉइडमधून, म्हणजे करंटवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हमधून, जाते त्याच्या गॅस्केटला नखाएवढी जाळी असते, ती काळ्या गाळानं पार बुजलेली. चाचांनी पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशनं साफ केली, उजेडाकडं धरली आणि मामेभावाला म्हणाले, "हे पाय तुहा टर्बो."

रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्हचे सील, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप सगळं नवं. हेड फेसिंग, म्हणजे इंजिनाच्या हेडचा तळ घासून सपाट करणं, अमरावतीला. इंजिन मात्र तेच, नंबर आरसीवर आहे तोच, दुसरं इंजिन टाकायचं म्हणजे आरटीओची परवानगी आली.

आता पहाटेचे साडेपाच, गावचा रोड मोकळा. नवे पॅड डिस्कवर घासून बसवायचे तर साठवरून वीसपर्यंत आणायचं, सोडायचं, आठदहा वेळा, मधात पूर्ण थांबायचं नाही. सहाव्या वेळी तुरीतून रोही, म्हणजे नीलगाय, निघाला आणि पूर्णच थांबावं लागलं. गाडी जागच्या जागी, सरळ रेषेत. पॅडचा जळका वास, रोही पलीकडच्या कपाशीत.

फोर टू वन हेडर, म्हणजे चारही सिलिंडरचा धूर एका पाइपात आणणारा एक्झॉस्ट, बसवायचं राहिलं आहे. मामेभाऊ म्हणते कापूस विकला की घेतो, कापूस अजून घरातच आहे.