ऑईल कॅपखालची साय

नमस्कार मंडळी. माझ्या हातात आहे ती एका पेट्रोल हॅचबॅकची ऑईल कॅप, म्हणजे इंजिनात ऑईल ओततो त्या तोंडाचं झाकण, आज सकाळीच काढून आणलीय. आतल्या बाजूने बोट फिरवलं की हे असं पिवळसर, लोण्यासारखं काहीतरी लागतं. मागच्या रांगेपर्यंत फिरवा, हात पुसायला फडकंही सोबत आहे.

पावसाळा सुरू झाला की आमच्या गॅरेजवर लोक ही साय बघून घाबरून येतात. कुणीतरी सांगितलेलं असतं, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालची, ऑईल आणि इंजिन गार ठेवणारं पाणी वेगळं ठेवणारी पट्टी, गेलं, आता इंजिन खोला. कधीकधी ते खरंही असतं, पण बहुतेक वेळा नसतं. तो फरक तुम्हाला स्वतःला ओळखता यावा, एवढ्यासाठी मी आज इथे आलोय.

आधी हे पाणी येतं कुठून ते बघू. पेट्रोलमध्ये हायड्रोजन असतो, आणि हायड्रोजन जळला की पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. सीएनजीचं तर आणखी जास्त, एक किलो गॅसमागे सव्वादोन किलो. सकाळी सायलेन्सरमधून थेंब गळताना दिसतात ते हेच. बहुतेक वाफ तिकडून निघून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑईल साठतं त्या तळाच्या भागात, उतरते. इंजिन तापलेलं असेल तर ती वाफच राहते. इंजिन गार असेल तर भाताच्या पातेल्यावरच्या झाकणासारखं होतं. ऑईल कॅप सगळ्यात वर, फॅनच्या आणि बाहेरच्या वाऱ्यात, म्हणून पाणी आधी तिथे धरतं. त्यावर ऑईल उडत असतं. तेल आणि पाणी एरवी वेगळं राहील, पण आत क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, मिनिटाला हजार-दोन हजार फेऱ्यांनी घुसळतोय. तयार होते ती ही साय.

ही वाफ बाहेर काढायची सोय इंजिनात असते. पूर्वी नुसती एक नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असायची, सगळा धूर हवेत. धुरक्याने हैराण झालेल्या कॅलिफोर्नियात 1961च्या मॉडेलपासून नव्या गाड्यांना व्हॉल्व्ह आला. तो ही वाफ ओढून परत इंजिनात जाळायला पाठवतो. आम्ही त्याला पीसीव्ही म्हणतो. तो काजळीने तुंबला की साय वाढते, आणि सर्व्हिसिंगमध्ये त्याच्याकडे बघायचं फार राहून जातं. पुढच्या वेळी तुम्ही आठवण करा.

आमच्या भागातल्या एका शाळेतल्या बाईंची गोष्ट सांगतो. घर ते शाळा दोन किलोमीटर, रोज तेवढीच गाडी चालायची. एका ठिकाणी त्यांना हेड उतरवायचा खर्च सांगितला होता. मी डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी बघायची पट्टी, काढली, ऑईल स्वच्छ, मधाच्या रंगाचं. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, अगदी खुणेवर, आणि महिन्याभरात टाकावं लागलेलं नाही. म्हटलं, बाई, बसा गाडीत. स्वारगेटहून खेड शिवापूरच्या टोलपर्यंत गेलो आणि परत आलो. कॅप काढली तर अर्धी साय गेलेली. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑईल तापलं असं समजू नका. काटा कूलंटचा असतो, ऑईलला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. पार्किंगमध्ये गाडी नुसती चालू ठेवून हे काम होत नाही. तिला रस्त्यावर न्यावं लागतं, अर्धा-पाऊण तास तरी.

आता दुसरी बाजू. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ असाच प्रश्न घेऊन आले. पावसाचे दिवस होते, कॅपखाली साय होती. मी डिपस्टिक न बघताच म्हटलं, काही नाही काका, हायवेला फिरवून आणा. तीन आठवड्यांनी गाडी टोचन करून आली. चेंबरचा बोल्ट सोडला तर दुधाच्या चहासारखं ऑईल खाली आलं. कूलंट ऑईलमध्ये उतरत होतं आणि बेअरिंगं खाल्ली गेली होती. ते तेव्हा डिपस्टिकवर नक्की दिसलं असतं. त्या दिवसापासून मी कॅप बघून कधीच निदान सांगत नाही.

म्हणून डिपस्टिकवरचं ऑईलच दुधाळ असेल, कूलंट सारखं कमी होत असेल, तापलेल्या इंजिनातूनही पांढरा गोडसर वासाचा धूर येत असेल, तर गाडी चालवू नका, उचलून न्या. आणि नुसती कॅपखालची साय असली तरी वर्षभर तशीच सोडू नका. त्या पाण्यात जळलेल्या वायूंचं आम्ल मिसळतं आणि ऑईलमधली ते मारणारी द्रव्यं संपत जातात. रोज छोट्या फेऱ्या असतील तर ऑईल ठरल्या वेळेआधीच बदला. गाडीच्या पुस्तकातही अशा वापरासाठी बहुधा कमी किलोमीटर दिलेले असतात, पण ते पान कुणी वाचत नाही.

आता इथे पुढे या, पण जरा लांब उभे राहा. मुलांना मागे घ्या. शेगडीवर तवा ठेवलाय, चांगला तापलाय. या डबीत त्या बाईंच्या गाडीचं ऑईल आहे, डिपस्टिकवरून घेतलेलं. एकच थेंब टाकतो. नुसता पसरला, आवाज नाही. आता या दुसऱ्या डबीतला, काल टोचन होऊन आलेल्या गाडीचा. ऐका, फोडणीत ओली मोहरी पडल्यासारखं तडतडतंय. तेवढं पाणी आहे त्यात.