फेरी साडेबावीस मिनिटांची

[दृश्य : जानेवारीतला रविवार, पहाटे साडेपाच. डेक्कनवर रस्त्याचे दिवे चालू. एक स्वयंसेवक वाकून डांबरावर फक्कीनं बाण काढतोय.]

पुण्यातला जंगली महाराज रस्ता डेक्कनकडून शिवाजीनगरकडे जातो आणि फर्ग्युसन रस्ता शिवाजीनगरकडून गुडलक चौकात परत येतो. दोन्ही एकेरी. सायकल फेरी आखणाऱ्याला याहून सोयीची वाट शहराच्या मध्यभागात सापडणं कठीण आहे. जंगली महाराज रस्त्यानं निघायचं, टोकाला डावीकडे वळायचं, पुन्हा डावीकडे, फर्ग्युसन रस्ता उतरायचा आणि गुडलकला आणखी एकदा डावीकडे. आपल्याकडे वाहतूक डाव्या हातानं चालते, म्हणून अख्ख्या फेरीत समोरून येणाऱ्या गाड्यांना एकदाही आडवं जावं लागत नाही. उजवीकडचं प्रत्येक वळण म्हणजे एक चौक थांबवणं. मदतनिधीसाठीच्या फेरीत आठ वर्षांची मुलगी असते, सत्तरीचे आजोबा असतात, दहा वर्षांनी पहिल्यांदा पॅडलवर पाय ठेवणारी बाई असते. त्यांच्यासाठी चौक अडवून धरण्यापेक्षा चौक टाळलेला बरा.

[दृश्य : कागदावर पेन्सिलीनं काढलेला रस्त्याचा लांबट गोल. शेजारी आकडेमोड.]

फेरीला किती माणसं घ्यायची, हा पहिला प्रश्न. बहुतेक ठिकाणी त्याचं उत्तर ‘येतील तेवढी’ असं देतात आणि फसतात. रस्ताच हा आकडा सांगतो. फेरी साडेचार किलोमीटरची धरू. मिश्र गटाला झेपणारा वेग ताशी १२ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला २०० मीटर. एका फेरीला साडेबावीस मिनिटं.

आता ५०० जण एकदम सोडले तर काय होतं? दोघा-दोघांच्या २५० ओळी, प्रत्येक ओळीला ५ मीटर, म्हणजे सव्वा किलोमीटरची रांग. ती एका चौकातून जायला सहा मिनिटांहून जास्त लागतात. सहा मिनिटं रविवारी सकाळीसुद्धा कुणी थांबत नाही. तिसऱ्या मिनिटाला पहिली दुचाकी रांगेत घुसते आणि तिच्यामागे सगळ्या. म्हणून पन्नास-पन्नासच्या तुकड्या करायच्या. एका तुकडीची लांबी १२५ मीटर, चौक ओलांडायला चाळीस सेकंदांच्या आत. एवढं एका हिरव्या सिग्नलमध्ये बसतं. दर दोन मिनिटांनी एक तुकडी सोडली, तर दहावी अठराव्या मिनिटाला निघते. साडेबाविसाव्या मिनिटाला पहिली तुकडी फेरी संपवून परत येते, तोवर सुरुवातीची जागा मोकळी झालेली असते. हातात साडेचार मिनिटं उरतात, आणि ती लागतातच. पंधरा तुकड्या केल्या, तर शेवटची अठ्ठाविसाव्या मिनिटाला निघेल आणि तिच्या पाठीवर पहिली येऊन आदळेल. त्यामुळे या वाटेवर ५००च्या पुढे नोंदणी बंद. नाही म्हणताना वाईट वाटतं, पण म्हणावं.

हळू चालवणाऱ्यांना आधी सोडावं, असं सगळ्यांना वाटतं. तसं केलं की मागच्या नऊ तुकड्या त्यांना ओलांडत जातात आणि दर ओलांडणीला धक्का लागायची भीती. लहान मुलं, आजी-आजोबा शेवटच्या दोन तुकड्यांत, आणि त्यांना एकच फेरी. ताशी ८ किलोमीटरनं ती पावणेचौतीस मिनिटांत होते. बाकीच्यांच्या दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीत पहिल्या तुकड्या या मंडळींना गाठणारच. तेव्हा नियम एक : हळू चालणारे डावीकडे एकामागे एक, ओलांडणारे उजवीकडून, घंटी वाजवून. हा नियम निघण्याआधी प्रत्येक तुकडीला तोंडी सांगायचा. छापून दिलेला कुणी वाचत नाही.

[दृश्य : टेबलावर अर्जांची फाइल, शिक्के, नकाशाच्या प्रती.]

अर्ज किमान महिनाभर आधी. पोलीस ठाण्याला आणि वाहतूक शाखेला नकाशा, वेळ, माणसांचा आकडा आणि स्वयंसेवकांची यादी द्यायची. वाटेत हद्द बदलली की ठाणं बदलतं, म्हणून प्रत्येक ठाण्याची प्रत वेगळी. चौकात गाडी थांबवायचा अधिकार पोलिसाचा; शिट्टी असली तरी स्वयंसेवकाला तो नाही. त्याचं काम सायकलस्वाराला थांबवायचं. हे नीट समजावलं नाही तर पहिल्याच चौकात भांडण होतं. मंडप आणि जागा महापालिकेकडून. लाउडस्पीकर सकाळी सहाच्या आधी लावता येत नाही आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असू शकतं, म्हणून सुरुवातीची जागा तेही पाहून ठरवावी.

तारीख ठरवताना स्पर्धा परीक्षांचं वेळापत्रक उघडून बसावं. परीक्षा बहुधा रविवारीच असतात आणि वेळेत केंद्र गाठायला निघालेल्या मुलांची वाट अडवून मदतनिधी गोळा करायचा नाही.

पैशाचा हिशेब सर्वांत आधी चोख हवा. नोंदणीकृत संस्था नसलेल्या गटानं लोकांकडून वर्गणी घ्यायची, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून कलम ४१ क ची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना ती तोंडपाठ असते, त्यांचीच मदत घ्यावी. प्रवेश शुल्क आणि देणगी यांच्या पावत्या वेगळ्या फाडायच्या. शुल्काच्या बदल्यात टी-शर्ट आणि नाश्ता मिळतो, ती देणगी नव्हे. करसवलतीची पावती फक्त देणगीची, तीही संस्थेला तशी मान्यता असेल तरच, आणि रोख दोन हजारांच्या वरच्या देणगीला सवलत नाही. परदेशातले नातेवाईक हौसेनं पैसे पाठवू म्हणतात. भारतीय पासपोर्ट असेल तर बँकेमार्फत घेता येतात. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून परकीय देणगीच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही.

टी-शर्ट, रुग्णवाहिका, एका दिवसाचा गट अपघात विमा, मंडप हा सगळा खर्च प्रायोजकांकडून उभा करावा आणि शुल्काची पूर्ण रक्कम कामाला द्यावी. ५०० जणांचे प्रत्येकी ३०० रुपये म्हणजे दीड लाख. हा आकडा फलकावर लिहिता आला की दुसऱ्या वर्षी लोक स्वतःहून येतात.

[दृश्य : शाळेच्या आवारात ओळीनं उभ्या काळ्या सायकली. कॅरियर, स्टँड, चेनकव्हर जवळून.]

हे पैसे शाळेत पायी जाणाऱ्या मुलींच्या सायकलींसाठी असतील, तर खरेदीही समजून करावी. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी मदत मिळते. त्या यादीबाहेरच्या तालुक्यांत डोंगरातल्या वाड्या आहेतच. तिथं गिअरची सायकल देऊ नये. वाकलेला डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, गावात कुणी सरळ करून देत नाही आणि सायकल गोठ्यात जाऊन पडते. साधी बिनगिअरची, मडगार्ड, चेनकव्हर, मजबूत कॅरियर आणि स्टँड असलेली घ्यावी. दर गावाला एक उभा पंप, पाने, सोल्युशन आणि पॅच द्यावेत आणि दोन मुलींना पंक्चर काढायला शिकवावं. फेरीतल्यांनी दिलेल्या जुन्या सायकली नाकारणं जड जातं, पण सुटे भाग मिळत नसतील तर नाकाराव्यात.

[दृश्य : पहाटेचा मोकळा फर्ग्युसन रस्ता. टॉर्चच्या उजेडात चेंबरची जाळी.]

रस्त्याची पाहणी तीनदा. पंधरा दिवस आधी, दोन दिवस आधी आणि त्याच पहाटे. शहरात रातोरात खोदकाम होतं, म्हणून तिसरी पाहणी चुकवायची नाही. पाहणी सायकलवरूनच करावी. मोटारसायकलवरून जे लागत नाही ते सायकलला लागतं. पावसाळी चेंबरच्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेनं असतील, तर बारीक टायर त्यात अडकतो आणि स्वार हँडलवरून पुढे जातो. अशा जाळीवर जाड प्लाय टाकून खिळवावी किंवा तिथं माणूस उभा करावा. खड्ड्याभोवती फक्कीचा गोल काढावा. तैलरंग नको, दवानं ओला झाला की घसरतो आणि वर्षभर पुसला जात नाही. वळणावरची वाळू खराट्यानं झाडून टाकावी. जंगली महाराज रस्ता १९७०च्या दशकात बांधला आणि पुढे कित्येक वर्षं खड्ड्याविना टिकला. पुणेकर अजून त्याचं नाव काढतात. पण त्याच्याही कडेची जाळी तपासावीच.

फर्ग्युसन रस्त्यावर धोका वेगळा. रविवारी सकाळी नाश्त्याला आलेल्या गाड्या डाव्या कडेला लागलेल्या असतात आणि दार मागे न बघता उघडतं. उभ्या गाडीपासून एक मीटर लांब राहायचं, हे इथं ओरडून सांगणारा माणूस हवा. बसथांब्यावरही एक, बस डावीकडे येते, सायकलस्वार तिच्या आणि फुटपाथच्या मधे शिरू पाहतो. साडेआठनंतर ही गर्दी वाढत जाते, म्हणून सात वाजता सुरुवात. जानेवारीत सूर्य सातनंतर पाच-दहा मिनिटांनी उगवतो; सातला रस्ता दिसण्याइतका उजेड असतो, सहाला नसतो.

[दृश्य : हवा भरण्याची रांग. हातात प्रेशर गेज.]

साडेसहाला सायकल तपासणी. निम्म्या सायकली पार्किंगमधून थेट आलेल्या, वर्षभर न हललेल्या असू शकतात. हवा कमी असली की खड्ड्यात रिम ट्यूबला चिमटा काढतं आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. पॅच एकाला लावला, दुसरं तसंच राहिलं, की दहा मिनिटांत चाक पुन्हा बसतं. एमटीबीच्या, म्हणजे डोंगरवाटांच्या सायकलीच्या जाड टायरला साधारण ३५ ते ५०, मधल्या जाडीच्या हायब्रिडला ५० ते ७०, बारीक टायरच्या रोड बाइकला ८० ते ११० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). टायरच्या कडेला छापलेली मर्यादा शेवटची. पंपाला तीन तोंडं हवीत, कारण व्हॉल्व्ह तीन प्रकारचे येतात : मोटारीसारखा जाड, रोड बाइकचा बारीक आणि जुन्या काळ्या सायकलीचा रबरी नळीवाला. ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघायची. चाक फिरलं तर सायकल बाहेर. गाडीतून आणलेल्या सायकलीचं पुढचं चाक काढून बसवलेलं असतं, त्याचा क्विक रिलीज, म्हणजे चाक घट्ट धरणारा खटका, सैल राहतो. तो प्रत्येकाचा हातानं पाहायचा. हेल्मेटशिवाय प्रवेश नाही, आणि ते कपाळावर बसलेलं हवं, मागे सरकलेलं नव्हे. नंबराच्या कागदामागे रक्तगट आणि घरच्याचा फोन.

पाणी माणशी अर्धा लिटर, म्हणजे २५० लिटर. २० लिटरचे १३ जार पुरतात, १५ घ्यावेत. एकदाच वापरायचे प्लॅस्टिकचे ग्लास राज्यात २०१८ पासून बंद आहेत, तेव्हा बाटली घरून आणायला सांगावी. केळी ४२ डझन, पण शेवटालाच वाटायची. वाटेत दिली की सालं रस्त्यावर येतात. पोहे माणशी ७० ग्रॅम धरले तर ३५ किलो.

[दृश्य : चौकातून शेवटची तुकडी जाते. मागे एक सायकलस्वार, कॅरियरला हिरवा झेंडा.]

सर्वांच्या मागे स्वीपर, म्हणजे हिरवा झेंडा लावलेला शेवटचा सायकलस्वार. तो कुणालाही ओलांडत नाही. त्याच्या मागे टेम्पो आणि रुग्णवाहिका. १०८ची सेवा सगळ्यांसाठी आहे, फेरीनं आपली रुग्णवाहिका वेगळी ठेवावी. टेम्पोत सायकली आडव्या रचू नयेत, गिअर मोडतात. उभ्या, एकीचं तोंड पुढे, दुसरीचं मागे, मधे गोणपाट. चौकातल्या स्वयंसेवकानं हिरवा झेंडा जाईपर्यंत जागा सोडायची नाही. ‘आता कुणी येत नाही’ असं वाटून दोन मिनिटं आधी गेलेला माणूस फेरीतल्या सर्वांत दमलेल्या मुलाला एकटं चौकात सोडतो.

[दृश्य : खराट्यानं फक्की झाडली जाते. टेम्पोत कोन चढतात. फुटपाथवर बसून कुणीतरी वहीत लिहितंय.]

नोंदी त्याच सकाळी करायच्या, आठवडा गेला की विसरतात. कोणत्या मापाचे टी-शर्ट उरले, किती पंक्चर कुठल्या वळणावर झाली, कुठली तुकडी किती उशिरा निघाली. वहीच्या या पानावर वर तारीख आहे, आणि खाली पहिली ओळ : गुडलक चौक, माणसं तीन होती, पाच हवीत.