दुसरी एसएसडी बसवण्याआधी

मंडळी, कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून सोडलेले लॅपटॉप पुण्यात आता घरोघरी दिसतात. हिंजवडीतल्या कुठल्याशा ऑफिसात राबलेलं मशीन एखाद्या विद्यार्थ्याच्या टेबलावर येतं. आत २५६ जीबीची एकच ड्राइव्ह असते. वर्षभरात ती भरते आणि घरात विषय निघतो, "आता नवीनच घेऊया." मला हे मनापासून खटकतं, कारण त्याच मशीनमध्ये दुसरी एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह, बसवता येते. हे लॅपटॉप उघडता यावेत, दुरुस्त करता यावेत असेच बांधलेले असतात. लेनोवो, डेल, एचपी या तिघांचीही दुरुस्तीची मॅन्युअल त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. ड्राइव्ह आणायला तपकीर गल्लीत, आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाण्याआधी आपल्या मॉडेलचं मॅन्युअल वाचा, एवढीच माझी विनंती.

कारण सांगतो. माझ्यासमोर हा थिंकपॅड टी४८० आहे, २०१८ सालचा. यात अडीच इंची ड्राइव्हची जागा आहे, आणि शिवाय सिमकार्डवर चालणाऱ्या मोडेमसाठी एक छोटा एम.२ स्लॉट, म्हणजे पातळ कार्ड खोचायची जागा, आहे. बऱ्याच मशीनमध्ये तो रिकामाच असतो. त्यात २२४२ मापाचं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ४२ मिलिमीटर लांब कार्ड बसतं. मी पहिल्यांदा आणलं ते साटा कार्ड होतं, म्हणजे ड्राइव्ह जोडायच्या जुन्या पद्धतीचं. खाचा जुळल्या, स्क्रू लागला, सगळं नीट बसलं. मशीन चालू केलं तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, ड्राइव्हचा पत्ताच नाही. दोनदा काढून पुन्हा बसवलं, तरी तेच.

बसणं वेगळं आणि चालणं वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं. या स्लॉटमध्ये साटाच्या तारा आलेल्याच नाहीत, फक्त पीसीआय एक्सप्रेस या दुसऱ्या, वेगवान जोडणीच्या आहेत. म्हणजे कार्ड या जोडणीवर चालणारं, एनव्हीएमईच हवं. त्यातही बाजारातल्या बहुतेक एनव्हीएमई कार्डांना एकच खाच असते, एम-कीची ('की' म्हणजे खाचेची ठरलेली जागा), आणि ती इथे शिरतच नाहीत. दोन खाचांचं, बी आणि एम दोन्ही की असलेलं कार्ड मागायचं. दुकानात "२२४२, एनव्हीएमई, दोन खाचा" हे तिन्ही शब्द एका दमात सांगा. चार लेनचा, म्हणजे डेटाच्या चार वाटांचा, पूर्ण वेग इथे मिळत नाही, पण फोटो, हिशेबाच्या फायली, प्रोजेक्टचा डेटा ठेवायला तो भरपूर आहे.

याहून जुनं, डीव्हीडी ड्राइव्ह असलेलं मशीन असेल तर काम सोपं. ती ड्राइव्ह काढून तिथे कॅडीत, म्हणजे त्याच आकाराच्या चौकटीत, साटा एसएसडी बसवायची. फक्त जाडी मोजून घ्या, कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन मापांत येतात.

उघडण्याआधी दोन गोष्टी. बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते उघडायचा लांबलचक आकडा, कागदावर लिहून घ्या. बायोसमध्ये काही बदललं की विंडोज ती मागू शकतं. दुसरी गोष्ट बॅटरीची. टी४८०मध्ये दोन बॅटऱ्या असतात. बाहेरची काढली तरी आतली चालूच राहते. चार्जर काढून बायोसच्या पॉवर विभागात जा आणि 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' निवडा. ही पायरी गाळून आत हात घालू नका. काम झाल्यावर चार्जर जोडला की बॅटरी आपोआप पूर्ववत होते.

नवी ड्राइव्ह विंडोजच्या 'धिस पीसी'मध्ये लगेच दिसली नाही तर घाबरू नका. विंडोजमधलंच डिस्क मॅनेजमेंट उघडा, आकार बघून नवीच ड्राइव्ह निवडल्याची खात्री करा, जीपीटी (ड्राइव्हच्या विभागणीची पद्धत) निवडून इनिशिअलाइझ करा, म्हणजे वापरासाठी तयार करा, आणि मग फॉरमॅट. एक मात्र सांगतो, दुसऱ्या ड्राइव्हवरची प्रत हा बॅकअप नव्हे. लॅपटॉप चोरीला गेला किंवा त्यावर चहा सांडला तर दोन्ही ड्राइव्ह एकदमच जातील. महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवरही ठेवा.

आता या मशीनचं मागचं झाकण काढून ठेवलंय, बॅटरीही बंद आहे. दोन्ही प्रकारची कार्डं शेजारीच आहेत. पुढे या आणि खाचा स्वतः जुळवून बघा.