पावसाळ्यातलं स्मशान

मंडळी, माझे वडील गेले ते जुलैत. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्याचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा! कणकुंबीकडून एकदा धरला की चार-चार दिवस उघडीप नाही. तिरडी बांधून झाली, पण स्मशानाला वाट नव्हती. नुकतीच रोप लावलेली शेतं, मधल्या बांधावरून खांदेकरी घसरत निघालेले. शेड होतं, पत्रे होते. लाकडं मात्र उघड्यावर भिजून जड झालेली. शेजारची एक आजी चुलीवरच्या माळ्यातल्या कोरड्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, पदरात झाकून घेऊन आली. त्यावर चिता पेटली.

पुढे पंचायतीत निवडून गेलो, तेव्हा पहिल्यांदा उतारा मागितला. जागा कुणाच्या नावावर आहे? पिढ्यान्‌पिढ्या आपण तिथंच माणसं पोचवतो, म्हणून ती गावाची, असं आपण धरून चालतो. कागद तसं म्हणतोच असं नाही. उतारा कन्नडमध्ये असतो. त्यात ‘रुद्रभूमी’, म्हणजे स्मशान, असं लिहिलंय का, क्षेत्र किती, हे जाणत्याकडून वाचून घ्या. मोजणी करून हद्दीचे दगड रोवा. नांगराचा एकेक तास सरकत सरकत किती जागा गेली, ते त्या दिवशी कळतं.

आणि स्मशान म्हणजे फक्त दहन नव्हे. आपल्याच गावातले लिंगायत बांधव बसवून दफन करतात. आपणही तान्ह्या लेकरांना पुरतोच. दफनाची जागा दहनापासून वेगळी आखली नाही, तर नवा खड्डा काढताना कुणाच्या तरी माणसाला फावडं लागतं. ते दुःख फार वाईट. शहरात हे काम महापालिकेचं. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत तसं स्पष्ट लिहिलंय. बेळगावात सदाशिवनगरच्या स्मशानात माणसं नेमलेली असतात. खेड्यात पंचायतीने कुणाला तरी नेमून द्यावं लागतं, नाहीतर सगळं रामभरोसे.

नेमलेल्या माणसाकडे वही हवी. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, आणि स्मशान सांभाळणाऱ्यानेही निबंधकाला खबर द्यायची, हे त्यात आहे. रक्षाविसर्जन, दिवसकार्य यात घरच्यांचे बारा-तेरा दिवस जातात, मग राहून जातं. वर्ष उलटलं की वरच्या अधिकाऱ्याचा आदेश आणा. तोवर विधवेची पेन्शन अडलेली, वारसा लागत नाही. वहीतली एक ओळ त्या बाईचे किती हेलपाटे वाचवते!

कोल्हापूरकर होळीला शेणी जाळायच्या कमी करतात आणि स्मशानाला दान देतात. आम्ही तेच उचललं. ग्रामसभेत ठराव केला, शेडला लागून पत्र्याची खोली बांधली, जमिनीपासून वीतभर उंच फळ्या टाकल्या. मृग निघायच्या आत खोली भरायची, लाकूड एका बाजूला, शेणी दुसऱ्या बाजूला. वाटेवर खडी पडायला मात्र तीन वर्षं गेली. शेतवाल्यांच्या घरी किती वेळा बसलो त्याची गणती नाही. शेवटी त्यांनीच दोन-दोन हात जागा सोडली.

खोलीची किल्ली गावाला पाणी सोडणाऱ्या वॉटरमनच्या घरी खुंटीला असते. रात्री दोन वाजता दार वाजवलं तरी तो उठून देतो.