स्कागेनला जाण्याआधी: क्रॉयरचा निळा उजेड

नमस्कार मंडळी,

डेन्मार्कच्या उत्तर टोकावरच्या स्कागेन गावी गेलेले बरेच जण ग्रेनेन या वाळूच्या निमुळत्या टोकावर दोन समुद्रांत एकेक पाय ठेवून फोटो काढतात आणि संध्याकाळच्या आत परततात. तुम्ही तसं करू नका. तिथल्या कला संग्रहालयाला निवांत दोन तास द्या आणि रात्री मुक्काम करा. पेडर सेवेरिन क्रॉयर हा चित्रकार कळायला दोन्ही लागतं.

क्रॉयर जन्मला नॉर्वेत, १८५१ साली. वाढला कोपनहेगनमध्ये, आणि पॅरिसला लेऑं बॉनां या चित्रकाराकडे शिकला. स्कागेनला तो पहिल्यांदा आला १८८२ मध्ये. मिकाएल आणि आना आंकर हे चित्रकार जोडपं तिथे आधीपासून होतंच. आना तर गावचीच, ब्रॉन्डुम हॉटेलवाल्यांची लेक.

त्याला सरसकट इम्प्रेशनिस्ट, म्हणजे उजेडाचा क्षणिक ठसा झरझर फटकाऱ्यांत टिपणारा, म्हणतात, ते मला पटत नाही. ‘हिप हिप हुर्रे’ पाहा, स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या कला संग्रहालयात आहे. बागेतलं टेबल, पेले उंचावलेले मित्र, पानांतून झिरपणारं ऊन. जवळ गेलात की ऊन म्हणजे नुसते रंगाचे फटकारे. पण चेहरे असे नेमके, की माणूस न् माणूस ओळखता येतो. क्षणात टिपल्यासारखं वाटणारं हे चित्र १८८४ मध्ये सुरू झालं आणि १८८८ मध्ये पुरं झालं. त्याला एका फोटोचाही आधार होता.

आता निळ्याकडे येऊ. १८९३ चं ‘स्कागेनच्या दक्षिण किनाऱ्यावरची उन्हाळी संध्याकाळ’ स्कागेनच्या संग्रहालयातच आहे, १०० × १५० सेंमी. आना आणि क्रॉयरची बायको मारी पांढऱ्या कपड्यांत पाण्याकाठी चालताहेत. हा निळा कल्पनेतला नाही. जूनअखेर तिथे सूर्य मध्यरात्रीही क्षितिजाखाली जेमतेम ९ अंश जातो, त्यामुळे संधिप्रकाश रात्रभर रेंगाळतो. या वेळी उजेड हवेतून लांबचा पल्ला गाठून येतो. वाटेत ओझोन त्यातला पिवळा-नारिंगी भाग शोषतो. शिवाय अंधूक उजेडात आपल्या डोळ्यांना तांबडा काळवंडलेला दिसतो आणि निळा उजळतो.

रंगपेटी नेणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य विसरू नये. त्या उजेडात रंग कालवलेत तर तांबडा मंद वाटून तुम्ही तो वाढवत जाल, आणि दिव्याखाली चित्र जांभळट निघेल. म्हणून तीन-चार निळ्या-करड्या छटा दिवसाउजेडी कालवून ठेवा. किनाऱ्यावर फक्त छोटं सरावचित्र करा, तळहाताएवढ्या फळीवर. मोठं चित्र घरी. पांढऱ्या कपड्याला ट्यूबमधला कोरा पांढरा लावू नका, आकृती कापून चिकटवल्यासारखी दिसते. आकाशाचाच निळा त्यात थोडा मिसळा, मात्र शेजारच्या वाळूपेक्षा कपडा उजळच राहू द्या.

ज्यांना एवढ्या लांब जमणार नाही, त्यांनी कोपनहेगनमधला हिर्शस्प्रुंग संग्रह गाठावा. हाइनरिक हिर्शस्प्रुंग तंबाखूचे कारखानदार. क्रॉयरचा परदेशप्रवास त्यांच्याच पैशावर झाला. तिथलं १८९९ चं चित्र, किनाऱ्यावर क्रॉयर, मारी आणि त्यांचा कुत्रा, आधी चार पावलं मागे उभं राहून पाहा. मग जवळ जा आणि पाण्यावरच्या चांदण्याचा पट्टा कसा लावलाय ते निरखा.