अनुदान, हिशेब आणि अधिसभा

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

विद्यापीठाच्या स्वायत्ततेचा विषय निघाला की आपली चर्चा कुलगुरू कोण नेमतो याच प्रश्नाभोवती फिरते. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने उच्चशिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती, म्हणजे कुलपतींच्या खालोखालचे पदाधिकारी, करणारे आणि कुलगुरुपदासाठीची नावे राज्य शासनामार्फत राज्यपालांकडे पाठवण्याची तरतूद असलेले विधेयक संमत केले, तेव्हा मोठा गदारोळ झाला. सरकार बदलल्यावर ते विधेयक मागेही घेतले गेले. तो वाद आवश्यक होता, परंतु विद्यापीठावर खरा ताबा बसतो तो पैशाच्या वाटेने, आणि तिकडे आपले लक्ष फारसे जात नाही.

ही वाट जुनी आहे. लॉर्ड कर्झनच्या 1904 च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठांच्या अधिसभांची, म्हणजे सिनेटची, कमाल सदस्यसंख्या 100 केली, त्यांतल्या जेमतेम 20 जागा निवडणुकीसाठी ठेवल्या आणि बाकीच्या बहुतेक नेमणुका सरकारच्या हाती दिल्या. गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात या विधेयकाला कसून विरोध केला. त्याच सुमारास विद्यापीठांसाठी वर्षाला 5 लाख रुपयांचे, पाच वर्षांचे अनुदानही मंजूर झाले. म्हणजे पैसा आणि ताबा हातात हात घालूनच आले.

सरकारी पैसा नको असेल तर काय करायचे, याचे उत्तर अण्णासाहेब कर्वे यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढून दिले. मराठीतून शिकवायचे, तर सरकारी मान्यतेवाचून चालवायचे, हे त्यांनी पत्करले आणि त्यासाठी गावोगाव वर्गणी मागितली. पुढे 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. नावापुरती अट असेल तर ती मला जड वाटत नाही. मात्र देणगीदारही काही मागतोच, हे खासगी निधीची भलामण करणाऱ्यांनी विसरू नये.

आजचा फास अधिक सभ्य आहे. मंजूर पदांवरील प्राध्यापकांचे वेतन शासन देते, म्हणून पद भरायचे तर शासनाची परवानगी लागते. प्रस्ताव जातो, त्रुटी निघते, आरक्षणानुसार पदांचा क्रम ठरवणाऱ्या बिंदुनामावलीची पुन्हा तपासणी होते, आणि दरम्यान वर्ग घेत राहतात ते तासागणिक मानधनावरचे, म्हणजे तासिका तत्त्वावरील शिक्षक. विभागात काय शिकवावे याबद्दल कोणी एक अक्षरही लिहिलेले नसते, तरी तो विषय शिकवणारा माणूस उरत नाही. फाईल टेबलावर पडून राहिली, एवढ्यावरच काम भागते.

परंतु विद्यापीठेही यात निर्दोष नाहीत. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार आर्थिक अंदाज आणि अंदाजपत्रकीय तरतुदी यांबाबत अधिसभा हे प्रमुख प्राधिकरण आहे. अंदाजपत्रकाचे पुस्तक हाती घेऊन आपण काय पाहतो? पुढील वर्षाची तरतूद. मी विद्यार्थ्यांना सांगतो, आधी मागील वर्षाच्या प्रत्यक्ष खर्चाचा रकाना वाचा. संशोधनासाठी ठेवलेली रक्कम खर्चच झाली नाही, परीक्षा शुल्काचा पैसा मुदत ठेवीत गेला, हे तिथे कळते. असा रकाना दडपून ठेवणारे विद्यापीठ शासनाला उद्या कोणत्या तोंडाने सांगणार, की आमच्या कारभारात लक्ष घालू नका? चौकशीचे निमित्त तेच हाती देते.

शिवाय हिशेब विचारणारी माणसे अधिसभेत असावी लागतात. मुंबई विद्यापीठाच्या नोंदणीकृत पदवीधर मतदारसंघातील 10 जागांची निवडणूक 2023 मध्ये स्थगित झाली आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर 2024 मध्ये पार पडली. दरम्यानच्या काळात पदवीधरांचे प्रतिनिधी अधिसभेत नव्हते. अंदाजपत्रक मात्र कोणाची वाट पाहत थांबत नाही. ज्यांनी पदवी घेतली आहे, पण मतदार म्हणून नोंदणी केलेली नाही, असे या सभागृहातही बरेच जण असावेत; त्या नोंदणीचा अर्ज विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भरता येतो.