पाच नावं, दोन प्रवाह

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. कोल्हापूरकराला पंचगंगेची ही पाच नावं शाळेपासून पाठ असतात. पण संक्रांतीच्या स्नानाला प्रयाग चिखलीच्या संगमावर गेलात की घाटावर उभं राहून मोजा. प्रवाह दोनच दिसतील. एकीकडून कासारी, दुसरीकडून भोगावती. तुळशी आणि कुंभी वरच्या अंगालाच भोगावतीत मिसळून आलेल्या असतात. सरस्वतीचं म्हणाल तर ज्याची त्याची श्रद्धा. मी तिला वहीत पेन्सिलीनं लिहितो.

या सगळ्या सह्याद्रीच्या लेकी. कासारी विशाळगडाच्या बाजूची, कुंभी गगनबावड्याकडची, भोगावती राधानगरीच्या रानातली. गगनबावड्यात वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस जातो आणि त्याच जिल्ह्यात शिरोळला त्याचा फार तर आठवा-दहावा हिस्सा. म्हणजे पाणी पडतं एकीकडं आणि साचतं दुसरीकडं. शिवाय या नद्या पंख्याच्या काड्यांसारख्या एकाच टोकाला येतात. घाटमाथ्यावर दोन दिवस झोडपून काढलं की सगळ्यांचं पाणी थोड्याफार फरकानं चिखलीला हजर.

तिथून पुढं या एकत्र पाण्याचं नाव पंचगंगा. लांबी साधारण 80 किलोमीटर. कोल्हापूरला वळसा घालून रुकडी, इचलकरंजी, शिरोळ करत ती नृसिंहवाडीला, म्हणजे आपल्या वाडीला, कृष्णेला मिळते. उतार फार कमी, म्हणून वळणं फार.

आता पुराकडं येऊ. पावसाळ्यात आपल्याकडं तब्येतीआधी कोल्हापूरजवळच्या, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 ला ती 55 फुटांच्या पुढं गेली होती. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, हे आपण लगेच बघतो. बघावंच, भोगावतीचं पाणी तिथूनच येतं. शाहू महाराजांनी सुरू केलेलं ते धरण. पण माझं म्हणणं असं की नजर वर जेवढी असते तेवढी खालीही पाहिजे. नृसिंहवाडीला कृष्णा येते ती कोयना आणि वारणेचं पाणी पोटात घेऊन. ती भरून चालली असेल तर पंचगंगेला आत शिरायला वाट कुठली? पाणी मागं फुगतं. त्याला आपण फुगवटा म्हणतो. (खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचा प्रश्न येणार हे मला माहीत आहे. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आज नको.)

एका पुरात मी घाटाच्या वरच्या रस्त्यावर उभा होतो. पाण्यावर उसाच्या पाल्याचा एक झुबका होता. दहा मिनिटं बघत राहिलो, जागचा हलेना. वरून पाऊस उघडलेला, आणि शेजारचे आजोबा खांबावरच्या ओल्या रेघेकडं बोट दाखवत म्हणाले, "पाणी उतरंना झालंय, वाडीला तुंबलंय."

त्याच दिवसांत वाडीत दक्षिणद्वार सोहळा चालू असतो. पाणी उत्तर दारानं देवळात येतं, पादुकांवरून वाहत दक्षिण दारानं बाहेर पडतं आणि भाविक त्या धारेत स्नान करतात. कृष्णा वाढली म्हणून तिकडं आनंद, आणि त्याच पाण्यानं अडवलेली पंचगंगा इकडं कोल्हापुरातल्या जयंती नाल्यातून उलटी शहरात शिरत असते.